मिल्ट्रीच्या कोंबड्यातला जंतू

मी बोलतोय खरा, पण जे सांगणार आहे ते माझ्याच बाबतीत घडलं की माझ्या अर्ध्याच्या, याची मला खात्री नाही. आमच्यात म्हातारपण येत नाही. वेळ झाली की आम्ही मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतो. मग आठवण कुणाकडे जाते, या अर्ध्याकडे की त्या? तुमच्यात आजोबांची काठी नातवाकडे जाते. आमच्यात आजोबाच वाटले जातात. म्हणून मी स्वतःला म्हातारा म्हणवतो, आणि माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, हेही आधीच सांगून ठेवतो.

एका बाबतीत तर मला वर्षानुवर्षं शंका होती. कोंडीबा हवालदारांच्या जठरातून मी जिवंत खाली उतरलो कसा? माझ्या पोरांना मी सांगत आलो, की धाडस केलं. सांगताना आवाज मोठा काढायचो. पण आतून कुणीतरी विचारायचं, खरंच? तू आणि धाडस?

मी जंतू आहे. एखाद्या काडीच्या तुकड्यासारखा, पण काडीच्या टोकावर माझ्यासारख्यांचं अख्खं गाव मावेल इतका बारीक. माझा जन्म कोंबड्याच्या आतड्यात झाला. उंब्रजच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला, उसाच्या फडांत दडलेलं एक गाव होतं. तिथं कोंडीबा हवालदारांचं घर, घरामागं परडं, परड्यात उकिरडा, आणि उकिरड्यावर दिवसभर पाय मारत फिरणाऱ्या तानुबाईंच्या कोंबड्या. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. कोंबड्यांना पुन्हा दाणा मिळू लागला होता.

जन्मस्थानाचं वर्णन करायचं माझ्या जिवावर येतं. ऊबदार, ओलसर, आणि वास. कोंबडी काय खात नाही? शेणातला किडा, पोराचा शेंबूड, थुंकलेल्या तंबाखूचा चोथा. ते सगळं आमच्यावर येऊन पडायचं. तुम्ही म्हणाल, उकिरड्याचा किडा उकिरड्याला नाक मुरडतो! मुरडतो. जिथं जन्मलो ते आवडलंच पाहिजे, असं कुठं आहे?

त्या साली कोंबड्यांवर मर आली. माना टाकू लागल्या, हिरवं हगू लागल्या. ती मर आमची नव्हती. ती आमच्याहूनही बारीक असलेल्या दुसऱ्याच कुणाची होती. पण हे तानुबाईंना कोण सांगणार?

त्याच वेळी त्यांचा लेक मानसिंग फौजेतून सुट्टीवर आला. दोन फितींचा नाईक. त्याच्या ट्रंकेत रमची बाटली, कांबळं, आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात लाल-पिवळ्या कॅप्सुल, गच्च भरलेल्या.

"ह्ये काय रं?" तानुबाईंनी विचारलं.

"औषध हाय आय. पलटणीच्या दवाखान्यातला कंपौंडर आपला दोस्त हाय. ताप येऊ दे, हागवण लागू दे, ह्यातली एक टाकली की गडी दुसऱ्या दिवशी परेडला हुबा!"

"आन् कोंबडीला चालंल व्हय?"

मानसिंग हसला. "कोंबडीला परेडला पाठवतीस काय?"

पण तानुबाई हसल्या नाहीत. माणसाला चालतं ते कोंबडीला का चालू नये, हा त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांनी कॅप्सुल नखानं उघडल्या, आतली पिवळी पूड जोंधळ्याच्या कण्यांत कालवली आणि पाटीभर पसरली. मुठीच्या अंदाजानं.

ती पूड आमच्यावर आली तेव्हाचं आठवतं. किंवा आठवतं असं वाटतं. माझ्या आजूबाजूचे पटापट थांबले. मेले म्हणता येणार नाही, आधी नुसते थांबले. वाढेनात, दुभंगेनात. मग विरघळून गेले. मी उरलो.

का उरलो? माझ्या अंगात एक वळं होतं. धाग्याचं टोकाला टोक जुळवून गोल केलं तर होईल तसं. कुणीतरी शेजाऱ्यानं कधीतरी दिलेलं. त्याचं नावही मला आठवत नाही. त्या वळ्यात एक विद्या होती : ती पिवळी पूड अंगात शिरली, की उपसून बाहेर टाकायची. तुंबलेल्या विहिरीवर मोट चालावी तशी. लोक म्हणतात, जंतू शिकले, हुशार झाले. मी काहीही शिकलो नाही. ज्यांच्याकडं वळं नव्हतं ते गेले, आणि रिकाम्या झालेल्या घरात माझीच पिलावळ पसरली. विद्वान म्हणून मिरवणारे पुष्कळजण असेच विद्वान होतात, असं मला कधीकधी वाटतं. पण ते सोडा.

बहुतेक कोंबड्या मेल्याच. एक तुर्रेबाज कोंबडा तेवढा वाचला. बहुधा तो आपला आपणच वाचला असावा. पण श्रेय डब्याला मिळालं. घरात त्याचं नावच पडलं, मिल्ट्रीचा कोंबडा.

"बगा, औषध लागू पडलं का न्हाई!" तानुबाई शेजारणीला सांगायच्या. आणि मी त्या कोंबड्याच्या पोटात सुखानं नांदत होतो.

मानसिंगची सुट्टी संपत आली. जायच्या दिवशी दुपारी जेवण घालायचं ठरलं आणि मिल्ट्रीच्या कोंबड्याचं नशीब फिरलं. रीतीप्रमाणं मुलाण्याच्या मोहिद्दीनभाईंना बोलावलं. त्यांनी कोंबडा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "हवालदार, ह्याला सलाम करून कापू का तसाच?"

सोलून झालेला कोंबडा मानसिंगच्या बायकोच्या, विजयमालाच्या पुढ्यात आला. तिनं विळीवर त्याचे तुकडे केले. आतडं ओढताना फाटलं. त्या फाटीतून मी बाहेर आलो तो थेट विळीच्या पात्यावर. माझे भाऊबंद तुकड्यांबरोबर पातेल्यात गेले आणि रटरटत्या रश्शात शिजून संपले. त्यांच्या नावानं मी रडलो नाही. आमच्यात रडत नाहीत.

विजयमालानं विळी फडक्यानं पुसली. फडकं कसलं! त्यानंच सकाळी चुलीची राख पुसलेली, पोराचं तोंड पुसलेलं, परातीखालचं पाणी टिपलेलं. पुसलेल्या विळीवर तिनं काकडी चिरली आणि कांदा चिरला. कोशिंबीर दह्यात कालवून वैलाशेजारी झाकून ठेवली. वैल म्हणजे चुलीचं दुसरं तोंड. तिथं धग नसते, ऊब असते. पाहुणे यायला उशीर झाला. त्या ऊबेत मी एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिलो.

पंगत बसली. कोंडीबा हवालदार भिंतीला टेकून, मांडी घालून, ढेकर देत बसले होते. जेवणाच्या आधीच ढेकर! पलटणीतून पेन्शन घेऊन आले तेव्हापासून त्यांच्या छातीत जळायचं. त्यावर त्यांचा एक इलाज होता.

"तानू, सोडा आण."

तानुबाईंनी कोनाड्यातली कागदाची पुडी आणली आणि खायचा सोडा चिमटीनं त्यांच्या तळहातावर टाकला. त्यांनी तो तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी घेतलं.

"आबा, लोक जेवल्यावर सोडा घेत्यात," मानसिंग म्हणाला.

"मी मागनंबी घेतो की! आदी घ्यायचा जागा करायला, मागनं घ्यायचा वाट करायला."

पंगत हसली. मीही कोशिंबिरीतून ऐकलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता प्रवासाचं सांगतो. ज्यांना किळस येते त्यांनी थोडं थांबून वाचावं. मला तर अजून येते.

हवालदारांचं तोंड! दातांना मिशरीचा काळा थर, हिरडीत तंबाखू-चुन्यानं पडलेली खाच, आणि मागल्या एका किडक्या दाढेत कधीचा तरी भाकरीचा कण कुजत बसलेला. त्या दाढेत जंतूंची एक वसाहतच होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि आपापल्या घाणीत पुन्हा तोंड खुपसलं. चिकट लाळेचा लोंढा आला, कांद्याची एक फोड माझ्यासकट दाढांखाली आली, चेचली गेली, आणि एका घोटासरशी आम्ही अंधारात घसरलो.

खाली जठर. आमच्यात त्याचं नाव घेतलं तरी बोलणं थांबतं. तिथं जाळणारं आंबट पाणी असतं, अंगावर पडलं की आमची साल निघते. हजार आत शिरले तर एखादा खाली उतरतो, आणि तोही शुद्धीवर नसतो. तुम्हाला वाटतं, तुमचं रक्षण औषध करतं. ते पाणी करतं. रोज, फुकट, तक्रार न करता. आणि तुम्ही त्यालाच पित्त म्हणून शिव्या घालता. खरं पित्त ते नव्हेच. ते पुढं भेटतं.

मी डोळे मिटून पडलो. आम्हाला डोळे नसतात, पण तसंच काहीतरी केलं. पडलो ते कोमट पाण्यात. आजूबाजूला बुडबुडे फसफसत होते. आंबटपणा होता, पण मेल्यासारखा. भाकरीचा लगदा, तेलाचा तवंग, तिखटाचा लाल फेस, चघळलेल्या कातड्याचे तुकडे, सगळं एकमेकांत घुसळत होतं. वर हवालदारांनी लांब ढेकर दिली, आणि त्या घाणेरड्या वाऱ्यानं आम्ही पुन्हा घशापर्यंत जाऊन परत आलो. मी वाट पाहत राहिलो, की आता जळेन, मग जळेन. जळलो नाही. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, की मी धाडसी आहे.

तिथून लहान आतड्यात ढकलला गेलो. दारातच खरं पित्त भेटलं. हिरवट, कडू, साबणासारखं बुळबुळीत. कोंबड्याच्या पोटातही ते असायचं, त्यामुळं त्याची सवय होती. भिंतीवर मखमलीसारखी बारीक लव होती. तुम्ही खाल्लेलं सगळं तिथंच तुमचं होतं. मी भिंतीला चिकटलो, खरवडलं, आत शिरलो. मला दुसरं काही येत नाही.

मानसिंग संध्याकाळच्या गाडीनं गेला. दुसऱ्या दिवशी हवालदारांना ताप भरला आणि पोटात मुरडा सुरू झाला. तांब्या घेऊन उसाच्या बांधाला जाणं आणि येणं, मग जाऊन येण्याइतकंही बळ उरलं नाही. तोंडानं आणि खालनं, दोन्हीकडून पाणी. विजयमालानं धोतरं धुतली आणि तोंड फिरवून परड्यात जाऊन ओकली. तिला मी दोष देत नाही. मी आत होतो. मलाच तिथं राहवत नव्हतं.

माणसाच्या पोटात बसलं, की बाहेरचं बोलणं ढोलात बसून ऐकावं तसं घुमून ऐकू येतं. मी ऐकलं :

"आवं, त्यो डबा हाय की! मानसिंगाचा!"

"आण. मोप हाय त्यात."

आणि वरून ती पिवळी पूड आली. माझी जुनी ओळखीची! मी वळ्यातली मोट चालू केली आणि स्वस्थ बसलो. पण खाली मोठ्या आतड्यात काय झालं ते सांगायला हवं. तिथं हवालदारांचे स्वतःचे जंतू राहत होते, त्यांच्या लहानपणापासूनचे. खाऊन-पिऊन सुखी, गर्दीनं दाटीवाटीनं राहणारे. माझ्यासारख्या उपऱ्याला ते पाय ठेवायला जागा देत नसत. ती पूड त्यांच्यावर पडली आणि गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. कॅप्सुल मला मारायला आली होती. तिनं माझ्यासाठी घर झाडून दिलं.

त्यातल्या एका वाचलेल्यानं मला विचारलं, "तुला कसं काही होत नाही?" मी त्याला चिकटलो आणि माझ्या वळ्याची एक नक्कल त्याला दिली. आमच्यात मागितलं की देतात. दिल्यानं आपलं कमी होत नाही. तुमच्यात याला मोठेपण म्हणतात. आमच्यात ती नुसती सवय आहे.

हवालदार खंगत गेले. डोळे खोल गेले, जीभ वाळली. तेव्हा उंब्रजहून डॉक्टर लियाकत यांना आणलं. मिरजेला शिकून आलेला तरुण माणूस, बोलायला फटकळ. त्यांनी नाडी पाहिली, पोटावर बोटं दाबली. मी ती बोटं आतून अनुभवली.

"काय काय दिलं ह्यांना? काही गोळ्या, काही औषध?"

मग तानुबाईंचा आवाज आला, "काय न्हाई डॉक्टर. घरात कुठलं आलंय औषध!"

डॉक्टर पिशवीतून औषध काढून देऊन गेले. कॅप्सुलच होत्या. रंग वेगळा, नाव वेगळं, आतली पूड तीच पिवळी. मी हसलो असतो. पण तोवर मलाच सगळ्याची शिसारी यायला लागली होती.

डॉक्टर गेल्यावर विजयमाला म्हणाली, "आत्याबाई, त्यांना डब्याचं का सांगितलं न्हाई?"

तानुबाई काही बोलायच्या आत खाटेवरून हवालदार बोलले. आवाज वाळल्या पाल्यासारखा. "सरकारी माल हाय त्यो. कुणाचं नाव काडायचं न्हाई. चवकशी लागती. पोराच्या फिती उतरवत्यात. मी बगितलंय."

"आवं, पण तुमचा जीव—"

"मी गेलो तर एक जाईल. त्याची फीत गेली तर घराचा मान जाईल. शपत हाय तुला, तानू."

त्या घराचा मान कुठं होता ते मला तेव्हा कळलं. भिंतीवर, काचेच्या चौकटीत. हवालदारांचे वडील, स्वतः हवालदार आणि मानसिंग, तिघंही गणवेशात. लोक घरात शिरले की आधी तिकडं बघायचे. एका पत्र्याच्या डब्यापायी त्यातला एक फोटो उतरेल, ही भीती त्या घरात मरणाहून मोठी होती.

दोन्ही बायका गप्प राहिल्या. औषध पोटात जात राहिलं आणि मी वाढत राहिलो. आता मी रक्ताच्या वाटेवर होतो. खरं तर मला तिथं जायचं नव्हतं. मला कुठंच जायचं नसतं. पण भिंत खरवडता खरवडता भोक पडतंच.

हवालदारांनी लेकाला ओळखल्यासारखं करून सुनेला "मानसिंगा" म्हणून हाक मारली, तेव्हा विजयमालाचा धीर सुटला.

"आत्याबाई, फीत माझ्या नवऱ्याची हाय. मला न्हाई व्हय तिची काळजी? पण उद्या ते घरी येतील आन् इच्यारतील, माज्यापायी आबा गेलं व्हय? तवा काय सांगू?"

तानुबाईंनी पदर खोचल्याचा आवाज आला. "गाडी जुंप म्हणावं भाऊसोला. आन् त्यो डबा माज्या वटीत घाल."

भाऊसो शेजारी. त्याच्या बैलगाडीत गवताच्या पेंढ्यांवर हवालदारांना निजवून ते उंब्रजला निघाले. त्या खाचखळग्यांतून माझ्या अंगाचं काय झालं ते विचारू नका. दवाखान्यात तानुबाईंनी ओटीतला डबा डॉक्टरांपुढं ठेवला.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. ह्ये दिलंया. आदी कोंबड्यास्नी, मग मालकास्नी. काय शिक्षा व्हायची ती मला करा. पोराचं नाव लिवू नगा."

डॉक्टरांनी डबा उघडला. मग ते जवळजवळ ओरडलेच, "कोंबड्यांना? काकी, कोंबड्यांना? आणि मी वरून तेच देत बसलोय! अहो, ज्या जंतूंना ह्यानं मरायचं होतं ते तुमच्या कोंबड्यांतच मेले. राहिलेत ते ह्याला भीत नाहीत!"

"आन् मिल्ट्री?"

"मिल्ट्रीला काय दुसरं काम नाही? तुमच्या परड्यात कॅप्सुल मोजायला येणार हाय व्हय ती? हवालदार उद्या गेले असते काकी, उद्या! घेऊन जा हा डबा, कुठंतरी पुरून टाका. मी पाहिलेला नाही."

तानुबाईंच्या रडण्याला सूर नव्हता, नुसते हुंदके होते.

त्या दिवसापासून पिवळी पूड बंद झाली. हवालदारांच्या शिरेत बाटलीतलं खारं पाणी थेंबथेंब जाऊ लागलं आणि दंडात दुसऱ्याच जातीचं इंजेक्शन. त्याच्याविरुद्ध माझ्याकडं वळं नव्हतं. विद्या एकाच विषयातली असली की असं होतं. मी थांबलो, मागं सरलो, ढासळलो. पुढं पेज आली, ताक आलं. हवालदारांचे जुने रहिवासी एकेक करून परत वस्तीला आले आणि मला कोपराकोपरानं ढकलत दाराकडं घेऊन गेले. त्यांतल्या एकाच्या अंगात माझं वळं होतं. ते मात्र तिथंच राहिलं. हवालदार बरे झाले. वळं बरं व्हायची गोष्ट नव्हती.

मी बाहेर पडलो तो उसाच्या बांधावर. त्याचं वर्णन मी करणार नाही. माणसाच्या देहातून जाण्याची ती एकच वाट आहे, आणि गर्वाचं औषध म्हणून ती पुरेशी आहे.

तानुबाईंनी डबा पुरून टाकला. कुठं पुरला असेल? उकिरड्यात! घरातलं नकोसं सगळं तिथंच जायचं. पत्रा गंजला, पावसानं कॅप्सुल फुगल्या, आणि नव्या कोंबड्यांनी पायांनी माती उकरून ती पिवळी पूड शेणाबरोबर टिपून खाल्ली. बांधावरून त्यांच्याच पायांना लागून मी परड्यात परत आलो होतो. मला काहीच करावं लागलं नाही. मला कधीच काही करावं लागलेलं नाही.

वर्षं गेली. माझ्या किती पिढ्या झाल्या ते सांगण्यात अर्थ नाही. मानसिंगच्या बाहीवर तिसरी फीत चढली आणि तो बापासारखाच हवालदार होऊन पेन्शनीवर आला. विजयमालाच्या केसांत पांढरं दिसू लागलं. त्याच्या येण्याच्या आनंदात पुन्हा कोंबडा कापला. पुन्हा तीच विळी, तसंच फडकं, तशीच कोशिंबीर. आतडं याही वेळी फाटलं. माणसं अनुभवानं शहाणी होतात, असं मी ऐकून आहे.

त्या दुपारी मी एकाच वेळी चार पोटांत होतो. तानुबाईंच्या, विजयमालाच्या, मानसिंगच्या आणि म्हाताऱ्या कोंडीबा हवालदारांच्या. आम्हाला हे जमतं. कारण मी म्हणजे एक नाही, हे मी आरंभीच सांगितलं.

पहिल्या तीन पोटांत जे घडलं ते मला नंतर कळलं. तिथून जे अर्धमेले एक-दोन खाली उतरले ते पुढं उकिरड्यावर भेटले. त्यांची साल निघालेली होती. ते म्हणाले, आम्ही हजारांनी शिरलो, आत आग होती, बाकीचे जागच्या जागी विरघळले.

"आणि तू?" त्यांनी मला विचारलं.

मी चौथ्या पोटातून आलो होतो. अंगावर ओरखडा नव्हता. तेच कोमट पाणी, तेच बुडबुडे, तीच लांब ढेकर. या वेळी मी नीट ऐकलं होतं. पंगत बसायच्या आधी म्हातारा आवाज आला होता, "तानू, सोडा आण." आणि तानुबाईंची पावलं कोनाड्याकडं गेली होती.

हवालदारांना दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरडा आला. या वेळी तानुबाईंनी एक घटकाही वाया घालवली नाही. हवालदारांना गाडीत घालून उंब्रजला गेल्या आणि डॉक्टर लियाकतांच्या पायरीवरच बोलायला लागल्या. डॉक्टरांचे केसही आता कानाशी पांढरे झाले होते.

"डॉक्टर, ह्या टायमाला आदी समदं सांगते. कोंबडा खाल्लाय. कोशिंबीर खाल्ली. गोळी एकबी दिली न्हाई, पोराची आण घेते. लिंबाचा रस दिलाय, बास. काय लपिवलेलं न्हाई."

"शाबास काकी! आणि आणखी काही दिलं का? नीट आठवा."

तानुबाईंनी खरोखर आठवून पाहिलं. मी आतून ऐकत होतो. त्या खोटं बोलत नव्हत्या. सोडा औषध आहे, हे त्यांच्या मनाला आयुष्यात शिवलं नव्हतं. तो मीठ-हळदीसारखा कोनाड्यातला जिन्नस होता. नवऱ्याच्या तळहातावर त्यांनी रोज टाकलेली माया होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या, "आनकी काय न्हाई."

डॉक्टरांनी लगेच सुई दिली आणि हवालदार या खेपेलाही उठले. घरी आल्यावर, अंगात बळ येताच त्यांनी पहिली गोष्ट काय मागितली असेल ते तुम्हीच ओळखा.

मला तुमच्याकडं काही मागायचं नाही. जंतूनं माणसाला उपदेश करावा, हे मलाच पटत नाही. फक्त पोरांना सांगत आलेली ती धाडसाची गोष्ट मी आता सांगायची सोडली आहे. चार पोटांतून एकाच दुपारी जाऊन मी खात्री करून घेतली : तीन पोटांतल्या आंबट पाण्यानं मला मारलं, आणि चौथ्यातल्या पाण्याला तानुबाईंच्या चिमटीतल्या सोड्यानं आधीच मारून ठेवलं होतं.